रेडिएटरमधले ‘पाणी’ : शीतकाच्या निवडीसंबंधी काही विचार

मोटारीच्या रेडिएटरमध्ये जो द्रव भरला जातो त्याला आपल्याकडे अनेक नावे आहेत. बोलण्यात ते ‘पाणी’ असते, दुकानात ‘कूलंट’ होते, डब्यावर पुष्कळदा ‘अँटीफ्रीझ’ असे छापलेले असते, आणि परिभाषेचा आग्रह धरणारे त्याला ‘शीतक’ म्हणतात. ह्यांपैकी एकही नाव खोटे नाही. परंतु प्रत्येक नाव अपुरे आहे, आणि अपुऱ्या नावातून चुकीची निवड कशी उद्भवते हे प्रस्तुत लेखात दाखवायचे आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ह्या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका प्रवासात आहे.

काही वर्षांपूर्वी अभ्यागत प्राध्यापक म्हणून बंगळूरला येताना मी पुण्याहून स्वतःच्या मोटारीने निघालो. मोटार टर्बोचार्जर असलेली, सुमारे १५० किलोवॅट शक्तीची. तिच्यात वर्षभर, जेव्हा जेव्हा ‘पाणी कमी’ दिसे तेव्हा तेव्हा, कार्यशाळेतला मुलगा बोअरवेलचे पाणी ओतीत असे. निघण्याच्या आदल्या दिवशी मूळच्या गुलाबी द्रवावर त्याने हिरवा द्रवही ओतला. मी हे सारे पाहत होतो आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नव्हते. खंबाटकीच्या चढणीवर तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकला. गाडी कडेला घेऊन मी झाकणाला हात घालणार, तोच शेजारी थांबलेला एक ट्रकचालक म्हणाला, “साहेब, तासभर थांबा. ते आत्ता पाणी नाही.” त्याच्या ह्या एका वाक्याने माझे हात भाजण्यापासून वाचले. पुढे बंगळुरात रेडिएटर उतरवला, तेव्हा त्याच्या अरुंद नळ्यांत तपकिरी गाळ आणि पांढरी पुटे सापडली.

इंजिनातील उष्णतेचा हिशेब प्रथम पाहिला पाहिजे. इंधनातील ऊर्जेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, तितकाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला बराचसा भाग शीतकाला वाहून न्यावा लागतो. माझ्या मोटारीसारखे इंजिन पूर्ण जोराने चालत असता ही उष्णता १०० किलोवॅटच्या आसपास जाते. घरातील न्हाणीघरातला गीझर साधारणतः २ किलोवॅटचा असतो. म्हणजे पन्नास गीझरांची उष्णता अखंड बाहेर टाकायची! सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. दोहोंच्या मध्ये काही मिलिमीटर धातू आणि त्यामागून वाहणारा द्रव एवढेच असते.

ही उष्णता वाहून नेण्यास उत्तम द्रव कोणता? उत्तर अनपेक्षित आहे : पाणीच. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. इथिलीन ग्लायकॉल व पाणी ह्यांच्या समप्रमाण मिश्रणास सुमारे ३.५ पुरतात. मिश्रणाची उष्णतावाहकताही पाण्याच्या दोनतृतीयांशाइतकीच असते. तेव्हा ‘कूलंट’ ओतल्याने इंजिन अधिक थंड होते, ही समजूत त्या नावानेच निर्माण केलेली आहे.

मग ग्लायकॉल घालायचे कशासाठी? येथे ‘अँटीफ्रीझ’ हे नाव आपली दिशाभूल करते. समप्रमाण मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही हे खरे. पण बंगळुरात किंवा सोलापुरात बर्फ कधी पडतो, असे म्हणून आपण ते अनावश्यक ठरवतो. वस्तुतः आपल्या उपयोगाचा गुण दुसऱ्या टोकाला आहे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते, हे मिश्रण १०७ ते १०८ अंशांना. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातले पाणी ९७ अंशांनाच उकळते. पुणेरी स्वयंपाकघरातून येथे आलेल्या गृहिणीला डाळ शिजण्यास लागणारा थोडा जास्त वेळ जे सांगतो, तेच इंजिनही सांगत असते.

ह्यावरचा उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. त्यातील स्प्रिंग आतील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १ बार अधिक राखते, आणि त्यामुळे उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी चढतो. हे झाकण गरम असता उघडले की दाब एकदम उतरतो आणि ११० अंशांचा द्रव क्षणात वाफ होऊन उसळतो. ट्रकचालकाला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. झाकणाची स्प्रिंग सैल पडली तर सिलिंडरच्या माथ्याशी, धुराच्या झडपांजवळ, वाफेचे आवरण धरते. वाफ उष्णता वाहून नेत नाही. तेवढीच जागा भाजून निघते, इंधन अवेळी पेटते, इंजिन ‘ठोकू’ लागते आणि शेवटी गॅसकेट जाते. ह्या साऱ्या काळात काटा कदाचित मध्यावरच असतो.

दाब आणि ग्लायकॉल ह्यांचे हे नाते विमानांच्या इंजिनांत स्पष्ट झाले. रोल्स-रॉइसच्या प्रसिद्ध मर्लिन इंजिनात आरंभी जवळजवळ शुद्ध ग्लायकॉल वापरीत. पुढे दाबाखालील ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल हे मिश्रण अधिक चांगले ठरले. विमान आणि मोटार ह्यांचे हे सख्य बंगळूरला परके नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि १९४४ साली मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स.

ग्लायकॉलइतकेच महत्त्वाचे, किंबहुना आपल्या हवामानात त्याहून महत्त्वाचे, असे तिसरे घटक म्हणजे गंजरोधके. त्यांत भूगोल उमटलेला आहे. युरोपातील पाणी कठीण. त्यातील कॅल्शियमशी फॉस्फेटाचा संयोग होऊन पुटे धरतात, म्हणून तेथील कारखानदार फॉस्फेट टाळतात. जपानी कारखानदार सिलिकेट टाळतात, कारण त्याने पंपाच्या सीलची झीज होते असा त्यांचा अनुभव. ते फॉस्फेट आणि सेंद्रिय आम्ले ह्यांवर भर देतात. ज्या मोटारीसाठी जो द्रव योजला, त्यात दुसरा मिसळला की दोन्ही रोधके निकामी होऊ शकतात. क्वचित गाळही बनतो. रंग हा केवळ रंग आहे; गुलाबी, हिरवा, निळा ह्यांना सर्वमान्य अर्थ नाही. त्यात बंगळूरच्या बोअरवेलचे कठीण पाणी पडले की क्षारांची पुटे बसतात. त्या पुटांची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. माझ्या रेडिएटरमधील पांढरी पुटे तीच.

तेव्हा निवडीचे नियम थोडके आहेत. मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले मानक वाचावे, बाटलीचा रंग पाहू नये. तयार मिश्रण घ्यावे, अथवा संहत द्रवात खनिजरहित पाणीच मिसळावे. ग्लायकॉलचे प्रमाण साठ टक्क्यांवर नेऊ नये. त्याने उष्णता वाहण्याची शक्ती घटते. प्रकार बदलायचा तर आधी सारे धुऊन काढावे. रोधके खर्ची पडतात, म्हणून पुस्तिकेतील मुदतीत द्रव बदलावा. आणि इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण प्राणघातक विष असल्याने ते मुलांच्या व जनावरांच्या वाटेत ठेवू नये, गटारात ओतू नये.

तापमान उतरवण्याचे खरे काम शीतकाचे नसून प्रवाहाचे आणि हवेचे आहे. रेडिएटरच्या पातळ पात्यांतील धूळ व किडे काढावेत. त्याच्या कडेने हवा निसटत असेल तर त्या फटी बुजवाव्यात. पंखा, पंप आणि झाकण तपासावे. बंगळूरची हवा सोलापूरच्या उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ थंड असली तरी ती विरळ आहे, आणि शहरातील तुंबलेल्या वाहतुकीत रेडिएटरला पंख्याखेरीज वाराच मिळत नाही. टर्बो इंजिनात आत जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर आणि तेलाचा कूलर हे शीतकाइतकेच भागीदार असतात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील जुनी रीत मात्र सोडावी. तो किमान तापमानाचा पहारेकरी आहे, कमाल तापमानाचा नव्हे. इंजिन सतत थंड राहिले तर इंधन तेलात मिसळते, तेलातला ओलावा उडत नाही, झीज वाढते. इंजिनाला गारवा नको असतो, स्थैर्य हवे असते.

शेवटी एक विसंगती. विद्यार्थी स्वतः बनवलेल्या ज्या रेसिंग मोटारी फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत धावडवतात, त्यांच्या इंजिनांत ग्लायकॉलला मनाई असते. ते सांडले तर धावपट्टी निसरडी होते. तेथे भरतात पाणी, फार तर थोडे गंजरोधक घालून. म्हणजे ह्या रेसिंग मोटारींत आपला बोलीतला शब्द खरा ठरतो, आणि आपल्या रस्त्यावरच्या मोटारीत तोच घात करतो. ‘पाणी’ म्हणताना मुलगा नळाकडे वळतो. ‘शीतक’ म्हटले तरी त्याला अधिक कळेलच असे नाही. नाव बदलून भागणार नाही. त्या शब्दामागे कोणते काम आहे, हे सांगणारे सोपे मराठी वाक्य कार्यशाळेच्या भिंतीवर लागले पाहिजे. ट्रकचालकाने मला ते सांगितले होते : ते आत्ता पाणी नाही.