खोत वसूल करी, सरकार मोजून घेई

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोतांच्या जुलमाच्या हकिकती कोकणाला नव्या नव्हत्या. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावाने तर नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून खोतांच्या जमिनी कसायचे बंद केले होते आणि उपासमार सोसून तो संप सहा वर्षे चालवला. आंबेडकरांच्या विधेयकाचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. गाऱ्हाणे खोताच्या दारात न सोडता त्यांनी ते सरकारच्या दारात नेऊन ठेवले. जमिनीचा अन्याय एका माणसाच्या दुष्टपणामुळे टिकत नाही. राज्यच आपले काम दुसऱ्याच्या हवाली करते, पैसे मोजून घेते आणि त्या दुसऱ्याने ते कसे वसूल केले हे विचारत नाही, म्हणून तो टिकतो. हे त्यांनी विधिमंडळात कलमांच्या भाषेत मांडले.

खोती म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. देशावर रयतवारी होती. शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरी. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात मात्र गावचा सारा भरण्याची जबाबदारी खोतावर असे. सरकारचा आकडा ठरलेला. कुळाकडून खोताने काय घ्यावे, याला प्रत्यक्षात धरबंध नव्हता. धारेकरी असेल तर नुसता धारा, म्हणजे सरकारी सारा, देऊन सुटे. पण धारेकरी थोडे. बाकीच्यांनी पिकाचा वाटा घालायचा, कुणी निम्मा, कुणी तिसरा हिस्सा. शिवाय आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबणे. १८८० च्या खोती कायद्याने कुळांना थोडे संरक्षण दिले आणि कुळांच्या नोंदीसाठी बोटखत नावाचे दप्तरही ठेवले. पण ज्याला अक्षर येत नाही आणि ज्याचे घरही खोताच्या जमिनीवर उभे, त्याने ते दप्तर उघडून हक्क सांगायचा कोणाला? खोत सारा भरायला बांधलेला आणि कुळांशी मात्र हवे तसे वागायला मोकळा, आणि या मोकळीकीतून कुळे गुलामीला पोचली, असे आंबेडकरांनी विधेयकाच्या हेतूंतच नमूद केले. उपाय सरळ होता: मधला खोत दूर करावा, त्याला वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा.

हाच धागा त्यांच्या नऊ वर्षे आधीच्या विधेयकात आहे. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवली, ती महार वतनासाठी. महार हा गावचा नोकर समजला जाई, पण तो राबे सरकारसाठी: टपाल, निरोप, साहेबांचे सामान, हद्दीची राखण. कामाला वेळ-काळ नाही, आणि घरधनी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला काय, तर वारसांत वाटून तुकडे झालेली इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुते. म्हणजे चाकरी सरकारची आणि पगार गावाच्या मर्जीवर. महाराने अंगावरचे अपमान नाकारले की गाव बलुते बंद करी, आणि सरकार म्हणे हा गावचा मामला. वतनदारांना हवे असेल तर पूर्ण सारा भरून जमीन चाकरीतून मोकळी व्हावी आणि बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, एवढेच आंबेडकर मागत होते. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये त्यांना विधेयक मागे घ्यावे लागले. खोताच्या बाबतीत वसुली परभारे, महाराच्या बाबतीत पगार परभारे. दोन्हीकडे सरकारचे हात स्वच्छ दिसत. मला हा स्वच्छपणाच सर्वांत मोठा दोष वाटतो.

यावर एक आक्षेप असा की खोती हा पिढीजात हक्क होता. तो काढून घेणे म्हणजे मालमत्तेवर घाला. पण खोताचा मूळ हक्क वसुलीचा. जमीन नांगराखाली ठेवली ती कुळाने. आणि विधेयकात भरपाई होतीच. दुसरा आक्षेप, हे जातीचे भांडण आहे. खोतांत ब्राह्मण अधिक, हे खरे. पण मराठे आणि मुसलमान खोतही होते, आणि कुळे कुणबी, आगरी, भंडारी, महार अशी सगळ्या जातींची. १० जानेवारी १९३८ रोजी खोती रद्द करण्याच्या मागणीसाठी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले तेव्हा त्यांत कुणबी आणि महार बरोबरीने चालत होते. मोर्चा जातीचा असता तर हे घडले नसते.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: विधेयक मंजूर झालेच नाही, मग ते मांडून काय साधले? १९३९ च्या अखेरीस मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय मागे पडला, हे नाकारता येत नाही. पण १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याचे सूत्र पाहा: खोत बाजूला, कसणारा थेट सरकारशी. सभागृहाच्या कामकाजात नोंदलेली मागणी बारा वर्षांनी कायदा झाली. तरीही मी या बारा वर्षांना क्षुल्लक म्हणणार नाही. तेवढ्या काळात कित्येक कुळे हुसकली गेली, मुंबईच्या गिरण्यांत गेली. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक मानले, तेव्हा ज्याचे नाव कागदावर होते त्याला सोपे गेले. ज्याचे नाव कधी लागलेच नव्हते, त्याने आपण कूळ असल्याचे सिद्ध करायचे होते. नोंद न ठेवण्यात ज्याचा फायदा, त्याच्याच वर्चस्वाखाली नोंदी झालेल्या. त्याची शिक्षा मात्र कुळाला.

महार वतनाला आणखी वेळ लागला. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. आंबेडकर तेव्हा हयात नव्हते. वतनाच्या जमिनी नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या, परवानगीशिवाय विकता येऊ नयेत अशा अटीवर. शहरे वाढली तशा त्यांतल्या अनेक जमिनी तरीही दुसऱ्यांच्या हाती गेल्या. कुठे गेल्या, कोणाच्या सहीने गेल्या, हे सांगणारे कागद सरकारच्याच दप्तरात आहेत. महाराष्ट्र सरकारने या जमिनींची गावनिहाय यादी, मूळ वतनदार आणि आजचा सातबारा शेजारी शेजारी ठेवून, विधिमंडळाच्या पटलावर मांडावी.