सुट्टी आली, मूल कोणाकडे?

नवराबायको वेगळे राहू लागले तरी मुलाचे आईबाप ते राहतातच. शाळा चालू असते तोवर कसेबसे निभावते. खरी ओढाताण होते ती सुट्टीत.

आपल्या सीमाभागात एक अडचण जास्तीची आहे. वडील निपाणीकडे आणि आई माहेरी कोल्हापूरकडे, म्हणजे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण सुट्ट्या जुळत नाहीत. कर्नाटकात शाळेला मधली मोठी सुट्टी दसऱ्याला, तर महाराष्ट्रात दिवाळीला. नाताळात उसाची तोड चालू असल्याने बापाला फडावरून हलता येत नाही. मग 'मुद्दामच नेले नाही' असा गैरसमज होतो. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. महिनाभर आधी शाळेच्या सुट्ट्या व शेतीची कामे एकाच कॅलेंडरवर मांडावीत. मुलाला कोण, कधी नेणार व आणणार हे लिहून दोघांनी एकेक प्रत ठेवावी.

२. नाताळ आळीपाळीने करावा. किंवा मध्यरात्रीची मिस्सा एकाबरोबर, दुसऱ्या दिवसाचे जेवण दुसऱ्याबरोबर.

३. पैशाचे निरोप मुलाच्या तोंडी देऊ नयेत. ते परतल्यावर उलटतपासणी करू नये.

४. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट अडली म्हणून पोटगी थांबवू नये.

मारहाणीचे भय असेल तर मात्र आपसांतल्या बोलीवर विसंबू नये. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी कोर्टाकडून आदेश मिळवता येतो. भेटीच्या वेळा व जागाही कोर्ट ठरवून देते.

मुलाला वेगळे राहण्यापेक्षा रोजच्या भांडणाचा त्रास अधिक होतो. सुट्टी जवळ येताच पोट दुखणे, झोप न लागणे, अंथरूण ओले करणे, अबोल होणे ही त्याची लक्षणे असू शकतात. ती टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे.

मूल दुसऱ्या घरी गेले की मागे राहिलेल्याला घर खायला उठते. त्या दिवशी एकटे बसू नये, भावाबहिणीकडे जावे. आपले रडू मुलासमोर काढू नये, नाहीतर ते जाताना स्वतःला अपराधी समजते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या लिखाणात विभक्त आईबापांना मुलांना ओलीस धरू नका असे बजावले होते. मूल निघताना त्याची पिशवी हसून भरून द्यावी. तेवढ्याने त्याची अर्धी सुट्टी गोड होते.