'यू गाइज', 'यॉल' आणि 'यू पीपल'

'जयभीम मित्रांनो' असे लिहून या लेखाची सुरुवात केली आणि हात थांबला. मग वाचणाऱ्या मैत्रिणींचे काय? मराठीत 'मित्र-मैत्रिणींनो' म्हणून आपण वेळ निभावून नेतो. पण परदेशातील आंबेडकरी कार्यकर्त्यांशी ऑनलाईन बैठका वाढल्यापासून आपली मुले-मुली सर्रास 'हाय गाइज'ने सुरुवात करतात, आणि समोर निम्म्या महिला बसलेल्या असतात. इंग्रजीत हा गोंधळ आला कुठून, हे थोडे समजून घेऊ या.

इंग्रजीत एकेकाळी एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'ये' किंवा 'यू' असे वेगळे शब्द होते. पुढे फ्रेंचच्या प्रभावाने प्रतिष्ठित माणसाला, तो एकटा असला तरी, 'यू' म्हणू लागले. म्हणजे आपले आदरार्थी 'तुम्ही'. नोकराला, खालच्या मानलेल्या माणसाला मात्र 'दाऊ'. केस पांढरे झाले तरी गावातल्या पोरासोरांकडून अरे-तुरे ऐकावे लागलेल्या आपल्या आजोबांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथाने याविरुद्ध भूमिका घेतली. सगळी माणसे समान, म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ'च. बडे लोक भयंकर चिडले. पण भाषा उलट्या दिशेने गेली. कुणालाच 'दाऊ' न म्हणता सगळ्यांनाच 'यू' म्हणू लागले. मान सर्वांना मिळाला, पण एक माणूस की अनेक, हा फरक पुसला गेला.

ती उणीव लोकांनी आपापल्या परीने भरून काढली. आयर्लंड, लिव्हरपूल, ग्लासगो, ऑस्ट्रेलिया येथे 'यूज', अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये 'यिन्झ', इंग्लंडमध्ये 'यू लॉट'. जमैकात 'उनू' म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेत 'तुम्ही'ला हाच शब्द आहे आणि गुलाम म्हणून नेलेल्यांबरोबर तो तिथे पोहोचला, असे मानले जाते. 'यॉल' हा अमेरिकेच्या दक्षिणेचा. विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइटकडे गेले, त्यांच्या बोलण्यातून तो उत्तरेतही रुजला. एके काळी गावंढळ म्हणून हिणवलेला हा शब्द आज अमेरिकेतले तरुण मुद्दाम वापरतात, कारण त्यात स्त्री-पुरुष भेद नाही.

'गाय'ची गोष्ट मजेशीर आहे. १६०५ मध्ये ब्रिटिश संसद उडवण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला. दर ५ नोव्हेंबरला त्याचे पुतळे जाळू लागले, त्या पुतळ्यांना 'गाय' म्हणत. त्यावरून गबाळ्या माणसाला 'गाय', मग अमेरिकेत कुठल्याही पुरुषाला, आणि शेवटी 'यू गाइज' म्हणून सगळ्यांना. अनेक जण म्हणतात, आता तो सर्वांसाठीच आहे. असेल. पण 'खोलीत किती गाइज आहेत?' असे विचारले, तर मोजताना बायका बहुधा वगळल्या जातात. मग हाक मारतानाच त्या आत कशा येतात, हे आम्हाला पटत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१७ मध्ये 'लेडीज अँड जंटलमेन' सोडून 'एव्हरीवन' म्हणायला सुरुवात केली. त्याने कुणाचे काही बिघडले नाही.

आता आपल्या सर्वात जवळचा मुद्दा. भारतीय इंग्रजीत अनेकवचनासाठी 'यू पीपल' अगदी सहज म्हणतात. 'यू पीपल प्लीज कम टुमॉरो.' बोलणाऱ्याच्या मनात काही नसते. पण अमेरिकेत, विशेषतः कृष्णवर्णीयांना, हे शब्द बोचतात. १९९२ मध्ये अध्यक्षपदासाठी पुढे आलेले अब्जाधीश रॉस पेरो यांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेपुढे भाषण करताना 'यू पीपल' म्हटले आणि वादळ उठले. त्यात शिवी नव्हती. पण 'तुम्ही तिकडचे, आम्ही इकडचे' अशी रेघ होती. 'तुम्हा लोकांना सगळं फुकट मिळतं' हे वाक्य वसतिगृहात किंवा ऑफिसात ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ती रेघ लगेच दिसेल. आणि तरीही कृष्णवर्णीय चळवळीतल्या साथींना ईमेल लिहिताना आपल्याच हातून 'यू पीपल' जाते. आमच्याही हातून गेले आहे.

पर्याय अवघड नाहीत. 'हॅलो एव्हरीवन', 'डिअर ऑल', 'फ्रेंड्स', थोडे घरगुती हवे तर 'फोक्स'. नुसते 'यू' किंवा 'ऑल ऑफ यू'नेही काम भागते. 'यॉल' म्हणायला हरकत नाही, पण नागपुरी इंग्रजीत तो जरा उसना वाटतो, हे कबूल करायला हवे. बैठकीची सुरुवात मात्र 'जयभीम'नेच करा. त्यात बाई-पुरुष, एक-अनेक असा प्रश्नच येत नाही, आणि आता तिकडच्या अनेक साथींनाही तो कळतो.