पोत्सुओलीच्या स्तंभांवरील सागरी लेख

शिलालेख कोणीं व केव्हां कोरला, हा आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा प्रश्न आहे. प्रस्तुत ठिकाणीं ज्या कोरीव कामाचा विचार करावयाचा, त्याचे कर्ते मात्र शिंपल्यांतील जीव होत.

इटलींत नेपल्सच्या पश्चिमेस पोत्सुओली हें प्राचीन बंदर आहे. इ. स. १७५० मध्यें तेथील उत्खननांत सेरापिस देवतेची मूर्ति सांपडली व तेवढ्यावरून त्या वास्तूस ‘सेरापिसचें देऊळ’ म्हणूं लागले. वस्तुतः ती रोमन बाजाराची इमारत होय. (एका मूर्तीवरून देऊळ ठरविण्याची घाई आपल्याकडेही कमी नाहीं.) तिचे तीन संगमरवरी स्तंभ अद्यापि उभे आहेत. उंची सुमारें ४० फूट. खालचा १२ फुटांचा भाग गुळगुळीत. त्यावरील सुमारें ९ फुटांचा पट्टा छिद्रांनीं चाळणीसारखा झालेला. त्याच्या वर पुन्हां छिद्र नाहीं.

बंदरांतील धक्का, खांब, कांहींही पाण्यांत राहिलें कीं त्यावर प्रथम बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ व कालवें येतात. हीं दगडावर बसतात. खारकेच्या आकाराची एक शिंप मात्र दगडांत शिरते. अंगांतील द्रवानें ती चुनखडीजातीचा दगड विरघळविते. संगमरवर त्याच जातीचा. आपल्याकडील काळ्या पाषाणावर ही मात्रा चालत नाहीं. दोन इंच वाढावयास तिला दशकें लागतात. अर्थात् स्तंभ दीर्घकाळ बुडालेले होते, आणि तेही उभेच. तळचा भाग गाळाखालीं गाडला गेल्यानें वांचला, वरचा हवेंत राहिला. समुद्रच इतका चढता तर भूमध्यसमुद्राचे इतर किनारेही बुडते. तेव्हां येथील भूमीच खचली व पुन्हां वर आली, हें उघड आहे. लायेल यानें १८३० सालीं आपल्या भूगर्भशास्त्रीय ग्रंथाचें मुखचित्र याच स्तंभांचें दिलें.

२००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत या शिंपल्यांचा काळ किरणोत्सारी कर्बावरून काढला आहे. पांचवें शतक, मध्ययुगाचा पूर्वभाग व १५३८ च्या ज्वालामुखी-उद्रेकापूर्वींचा काळ, असें तीनदां पाणी सुमारें ७ मीटर चढलें होतें. एकाच पानावर तीन हस्ताक्षरें आढळावींत, तसाच हा प्रकार. म्हणूनच समुद्रांतून निघालेली तोफ वा मूर्ति हातीं येतांच घासून लख्ख करण्याची आपल्या संग्राहकांची हौस घातक वाटते. मात्र शिंपला वस्तूच्या बुडण्याचा काळ सांगतो, घडणीचा नव्हे, हा भेद विसरूं नये.

पोत्सुओलीची भूमि अद्यापि स्थिर नाहीं. १९८२ ते १९८४ या अवधींत ती सुमारें ६ फूट उंचावली व बंदर उथळ झालें.