मार्टिनीत जिनऐवजी शेरी

मार्टिनी हे सर्वांत कडक कॉकटेलांपैकी एक. त्यात फळांचा रस नाही, साखर नाही, सोडा नाही. जिन, थोडी ड्राय व्हर्मूथ आणि बर्फ वितळून आलेले पाणी, एवढाच ऐवज. भारतात बनणाऱ्या जिनच्या बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के मद्यार्क असे छापलेले असते. अशी 60 मिलिलिटर जिन आणि 18 टक्क्यांची 15 मिलिलिटर व्हर्मूथ घेतली, तर एका ग्लासात सुमारे 28 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क उतरतो. जिनच्या जागी शेरी घेतली तर हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. पण नुसती अदलाबदल करून भागत नाही. मग सगळ्या ग्लासाचाच हिशेब नव्याने मांडावा लागतो.

शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाची वाइन. हेरेझ दे ला फ्रोंतेरा, सानलूकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही तिची तीन मुख्य गावे. तिथल्या पांढऱ्या, चुनखडीयुक्त जमिनीत पालोमिनो जातीची द्राक्षे पिकतात. त्यांची आधी साधी पांढरी वाइन होते आणि मग तिच्यात द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क मिसळून तिची तीव्रता वाढवली जाते. गोव्यामुळे मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली पोर्ट वाइन मूळची पोर्तुगालची. तीही अशीच मद्यार्क मिसळून बनते.

मार्टिनीसाठी लागते ती शेरीतली फिनो. ती साधारण 15 टक्क्यांची असते, आणि हा आकडा मुद्दाम राखलेला असतो. फिनोची लाकडी पिंपे काठोकाठ भरत नाहीत. वर सुमारे एक षष्ठांश जागा रिकामी ठेवतात. त्या हवेच्या सान्निध्यात वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा सुरकुतलेला, पांढरट थर धरतो. त्याला फ्लोर म्हणतात. मद्यार्क 17 टक्क्यांच्या पुढे गेला तर हा थर तगत नाही. तगला, तर तो खालच्या वाइनला हवा लागू देत नाही आणि स्वतः वाइनमधले ग्लिसरॉल आणि थोडा मद्यार्क खात राहतो. हिरव्या सफरचंदाचा आणि बदामाचा वास, कोरडेपणा आणि जिभेवर येणारी खारट छटा ही सारी या थराची करणी. समुद्राकाठच्या सानलूकारमध्ये याच पद्धतीने बनते ती मांसानिया; ती आणखी हलकी.

अडचणही इथूनच सुरू होते. ग्लिसरॉलमुळे वाइनला जिभेवर एक प्रकारचा भरीवपणा येतो. तो फिनोत फारसा उरलेला नसतो. मार्टिनीत हे वजन जिनमधला भरपूर मद्यार्कच पुरवतो, आणि सुगंध येतो जुनिपरच्या फळांचा. 60 मिलिलिटर फिनो आणि 15 मिलिलिटर व्हर्मूथ अशी सरळ बदली केली, तर ग्लासात थंडगार फिनोच लागते, कॉकटेल नव्हे. म्हणून व्हर्मूथ वाढवावी लागते. व्हर्मूथ म्हणजे वनस्पती, मुळे आणि साली मुरवलेली वाइन. ड्राय व्हर्मूथमध्येही थोडी साखर असते. जिनच्या जाण्याने हरवलेला वनस्पतींचा गंध आणि थोडा भरीवपणा ती परत आणते. दोन्ही समसमान घेतल्या की तोल साधतो.

हे प्रमाण आजच्या कमी पिण्याच्या लाटेतून आलेले नाही. विल्यम बूथबी या अमेरिकी बारटेंडरच्या 1908 च्या पुस्तकात ते ‘बांबू’ या नावाने छापलेले आहे, आणि श्रेय जपानमधल्या योकोहामाच्या लुई एपिंगर यांना दिलेले आहे. एपिंगर तिथे ग्रँड हॉटेल चालवत. बूथबीच्या कृतीत शेरी आणि फ्रेंच व्हर्मूथ निम्मी-निम्मी, संत्र्याच्या बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे, दोन झटके आणि अँगोस्टुरा बिटर्सचे दोन थेंब आहेत.

आजच्या मापाने 45 मिलिलिटर फिनो आणि तेवढीच ड्राय व्हर्मूथ घ्यावी. यातून सुमारे 15 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क मिळतो. ब्रिटनमध्ये 10 मिलिलिटरला एक युनिट धरतात. म्हणजे मार्टिनीची 2.8 युनिटे, तर याची दीड. पेय मद्यच राहते, पण मोठा फरक पडतो.

कृतीत सर्वांत जास्त जपायचे ते पाण्याला. मार्टिनी बर्फात चांगली ढवळावी लागते, कारण तिच्या कडकपणाला पाण्याची गरज असते. इथे मिश्रण आधीच 16-17 टक्क्यांचे असल्याने तेवढाच वेळ ढवळले तर ते पांचट होते. त्यासाठी दोन्ही बाटल्या आणि ग्लास आधीपासून फ्रिजमध्ये थंड करावेत, बर्फाचे मोठे, कोरडे खडे घ्यावेत आणि थोडेच ढवळून लगेच गाळावे. मग लिंबाच्या सालीचा तुकडा पेयावर धरून दुमडावा. सालीतल्या तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पसरतो आणि जिनच्या सुगंधाची उणीव बरीच भरून निघते. तयार पेयात खारवलेले एक ऑलिव्ह हवेच. फिनोच्या खारटपणाशी त्याचे चांगले जुळते.

ज्यांना जिन पूर्ण सोडवत नाही, त्यांना मधला मार्ग आहे: जिन आणि फिनो 30-30 मिलिलिटर आणि व्हर्मूथ 15. त्यात सुमारे 20 मिलिलिटर मद्यार्क येतो. अशीच अदलाबदल मॅनहॅटन या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्येही करता येते: व्हिस्कीच्या जागी शेरी आली की ‘अडोनिस’च्या जवळचे पेय होते. हे कॉकटेल शेरी आणि गोड व्हर्मूथचे. त्याचे नाव 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या आणि 600 हून अधिक प्रयोग झालेल्या संगीत नाटकावरून पडले. व्हिस्कीचा लाकडी, खरपूस स्वाद हवा असेल तर त्यात फिनोऐवजी आमोंतियादो किंवा ओलोरोसो या प्रकारची शेरी अधिक शोभते.

फिनोची उघडलेली बाटली कपाटात ठेवू नये. फ्लोरचे संरक्षण सुटल्यावर हवा तिला लवकर मारते. फ्रिजमध्ये बूच लावून ठेवली तरी ती साधारण आठवड्याभरात संपवावी. व्हर्मूथही फ्रिजमध्येच ठेवावी. ओलोरोसो पिंपात हवेच्या संगतीनेच मुरलेली असते, त्यामुळे ती उघडल्यावरही कित्येक आठवडे चांगली राहते.