फोटोखालच्या दोन ओळी

मंडळी, मुंबईला सायकल काही नवी नाही. पाववाला सायकलवर येतो. डबेवाला सायकलवर जातो. पण निव्वळ हौस म्हणून सायकल चालवणारेही आपल्यात आहेत. मी त्यांतलाच एक.

आम्ही सात-आठ जण दर रविवारी पहाटे निघतो. लालबागहून परळ, दादर करीत शिवाजी पार्क गाठतो. पुढे वरळी, हाजीअली, आणि मग गिरगाव चौपाटी. तिथे चहा घ्यायचा आणि भायखळ्यावरून घरी यायचे. वीसेक किलोमीटर होतात.

दर रविवारी सगळ्यांना येणे जमत नाही. कुणाची पाळी असते, कुणाकडे पाहुणे येतात. म्हणून आम्ही वाटेत मोबाइलवर फोटो काढतो आणि एकमेकांना पाठवतो. न आलेल्यालाही घरबसल्या समुद्र दिसतो. पुढच्या रविवारी यायचा हुरूप येतो.

पण फोटो पाठवला म्हणजे काम झाले काय? नाही. कसे ते सांगतो.

आमच्यात एक गिरणी कामगार आहेत. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी मिळेल ते काम केले. शाळा लहानपणीच सुटली होती. फोटो मात्र फार छान काढत. एका पावसाळ्यात त्यांनी गटारावरच्या जाळीचा फोटो पाठवला. खाली अक्षर नव्हते. आम्हाला वाटले, सहज काढला असेल. मीही पाहिला आणि पुढे सरकवला.

त्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या होत्या. अशा फटीत सायकलचे बारीक चाक अडकते. चाक थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. पट्ट्या आडव्या असतील तर चाक वरून निघून जाते. आठ दिवसांनी आमचा एक तरुण सोबती त्याच जाळीवर पडला. मनगट मोडले. दीड महिना कामाला जाता आले नाही. रोजंदारीचे काम! घरात चुलीची पंचाईत झाली.

कामगार माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, मला जागा ठाऊक होती हो. पण लिहिता आली नाही."

मी म्हणालो, "तुमचं लिहायचं राहिलं, माझं विचारायचं राहिलं. मी तर जन्मभर मुलांना शिकवलं. चूक माझी मोठी. उद्यापासून बसू या."

चार महिने ते रोज संध्याकाळी आले. आज त्यांच्या प्रत्येक फोटोखाली दोन ओळी असतात. एकदा त्यांनी लिहिले, "रविवार सकाळ. दादर पुलाच्या उताराला खडी सांडली आहे. हळू या." शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. पण त्या दिवशी कुणी घसरले नाही.

कुणी म्हणेल, मोबाइल तारीख आपोआप नोंदतो की! खरे आहे. पण फोटो दुसऱ्याकडे पाठवला की ती नोंद पुष्कळदा गळून जाते. फोटो कधी पोचला ते दिसते. कधी आणि कुठे काढला ते दिसत नाही. ते आपणच लिहायला हवे.

लिहून ठेवल्याचे मोल मोठे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी प्रवास पुरा केला. सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून ते १९२८ च्या मार्चमध्ये परतले. १९३१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पंडित नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली. वाळवंटे, डोंगर त्यांनी कसे पार केले, हे आज शंभर वर्षांनी आपल्याला कळते. का? त्यांनी ते लिहून ठेवले म्हणून. नुसते चित्र पाहून 'तीन माणसे आणि तीन सायकली' एवढेच म्हटले असते.

आता काही गोष्टी ध्यानात ठेवा. चालत्या सायकलवर फोटो काढू नका. कडेला थांबा, पाय जमिनीवर टेका, मग मोबाइल काढा. वाटेतल्या माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. मासे विकणारी मावशी 'नको' म्हणाली तर नको. आपले घर, घराचा नंबर फोटोत येऊ देऊ नका. एका फेरीचे चाळीस फोटो पाठवू नका. चार पुरेत.

आणि खाली दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत कुठे आणि केव्हा. दुसऱ्या ओळीत काय पाहिले. अक्षर वाकडे आले तरी चालेल, पण जागा चुकता कामा नये.

करून पाहा : आज घराबाहेर पडाल तेव्हा वाटेतली एक धोक्याची जागा पाहा. घरी येऊन तिच्याविषयी दोन ओळी लिहा. शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला ती जागा बरोबर सापडली, तर तुमचे लिहिणे पास झाले.