ऑनलाइन अध्यापन : चित्रीकरण झाले, प्रशिक्षणाचे काय?

कोविडकाळात महाविद्यालयांचे वर्ग बंद पडले, तेव्हा राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ हा उपक्रम हाती घेतला. गोव्यातल्याच प्राध्यापकांनी पदवी अभ्यासक्रमाच्या घटकांवर व्याख्याने चित्रित केली. काम मोठे होते आणि ते झाले. मात्र चित्रित व्याख्यान म्हणजे ऑनलाइन अध्यापन नव्हे, हा भेद प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात अद्याप पुरेसा उतरलेला नाही.

कागदावर तो जुनाच आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रमाला चार अंगे असावी लागतात : व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाची चाचणी आणि शंकानिरसनासाठी चर्चापीठ. पहिली दोन अंगे एकदा तयार केली की काही वर्षे चालतात. चाचणी मात्र विद्यार्थी नेमका कुठे चुकतो हे पाहून सुधारावी लागते आणि चर्चापीठ तर प्रत्येक सत्रात नव्याने जागते ठेवावे लागते. अध्यापनाची खरी कसोटी या दोन अंगांत आहे.

प्रोत्साहनाचे माप मात्र उलट्या बाजूला झुकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत चारही अंगांसह चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणाऱ्या प्राध्यापकाला २० गुण मिळतात, अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला ८. सत्रभर शंकांना उत्तरे देण्याची स्वतंत्र नोंद त्या गुणांकनात नाही. मग प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर अधिक रमला, तर दोष एकट्या त्याला कसा द्यावा?

मुळात चित्रीकरणालाही वेगळे कौशल्य लागते. अमेरिकेतील ‘एडएक्स’ मंचावरील चार अभ्यासक्रमांच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी सहसा सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. वर्गातील व्याख्यान चित्रित करून त्याचे तुकडे पाडले तरी, मुद्दाम ऑनलाइनसाठी योजलेल्या व्हिडिओइतके ते गुंतवून ठेवत नव्हते. म्हणजे पन्नास मिनिटांच्या तासिकेची सवय मोडून आशय नव्याने बांधावा लागतो. एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेत सॉफ्टवेअरची बटणे शिकता येतील, हे नव्हे.

गोव्यात आणखी एक पेच आहे. येथील अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून वा कोकणीतून होते, पाचवीपासून माध्यम इंग्रजी. वर्गात अडलेला विद्यार्थी प्राध्यापकांना तास संपल्यावर गाठून मराठीत विचारतो. इंग्रजी व्हिडिओला तसे विचारता येत नाही, आणि चर्चापीठावर सर्वांदेखत मोडके इंग्रजी लिहिण्यापेक्षा तो गप्प राहणे पसंत करतो. अशा विद्यार्थ्याला बोलते कसे करावे, त्याच्या भाषेत उत्तर कसे द्यावे, हा प्रशिक्षणाचाच विषय आहे.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी १९८७ पासून उभी राहिलेली केंद्रे आता मालवीय मिशनखाली आली आहेत. दुसरीकडे, २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा महाविद्यालये देऊ शकतात. व्याख्याता दूरच्या आयआयटीतला असला, तरी मार्गदर्शन करायला आपल्याच महाविद्यालयातला प्राध्यापक लागतो. ज्याने तो अभ्यासक्रम घडवला नाही, त्याला तो पुढे न्यावा लागतो. या मार्गदर्शकाला आधी स्वतः विद्यार्थी म्हणून एक ऑनलाइन अभ्यासक्रम शेवटपर्यंत पूर्ण करायला लावावे, आणि त्याचे शंकानिरसनाचे तास साप्ताहिक कार्यभारात धरावेत.